आपल्या आतली बिनहवेची वस्ती

पुण्याच्या नावावर काय काय जमा आहे, हे कुठल्याही पुणेकराला विचारा. पगडी, पाट्या, मिसळ, बाकरवडी अशी यादी तो न थांबता सांगेल. २०१५ साली या यादीत आणखी एक नाव जमा झालं आणि त्याचा पत्ता फार थोड्या पुणेकरांना लागला. ते नाव म्हणजे क्लॉस्ट्रिडियम पुनेन्से. हा एक जीवाणू आहे. नावातलं 'पुनेन्से' म्हणजे पुण्याचा.

तो सापडला कुठे? एका निरोगी माणसाच्या शौचाच्या नमुन्यात. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतले विक्रम लांजेकर आणि दिलीप रानडे यांनी, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि नचिकेत मराठे यांच्या साथीने, त्याची ओळख जगाला करून दिली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ साली, याच मंडळींनी मानवी शौचातूनच मेगास्फेरा इंडिका या आणखी एका नव्या जीवाणूची नोंद केली होती. एकाच्या नावात पुणे आणि दुसऱ्याच्या नावात भारत!

या दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघांनाही ऑक्सिजन सोसत नाही. आपण ज्याच्याशिवाय काही मिनिटंही जगू शकत नाही, तो प्राणवायू त्यांच्यासाठी विष आहे. अशा जीवाणूंना विनॉक्सी जीवाणू म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी 'अ‍ॅनेरोब' असा शब्द येतो, तो यांच्यासाठीच. आणि हे पाहुणे क्वचित येणारे नाहीत. तुमच्या, माझ्या, घरातल्या आजीच्या आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडाच्या शरीरात ते या क्षणीही मुक्कामाला आहेत.

बहुतेक वेळा ते आपलं भलंच करतात. पण काही वेळा हेच घरचे लोक उलटतात, गळू करतात, जीवावर बेततात. ते कधी आणि का उलटतात, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. कारण त्यातले बरेचसे प्रसंग टाळता येतात किंवा वेळेत ओळखता येतात.

हवा नको असलेले जीव

पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. तेव्हाचे सगळे जीव त्याच्याविनाच जगत होते. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला. तो कामाचा असला तरी दाहक वायू आहे. लोखंड गंजतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, ते त्याच्यामुळेच. पेशीच्या आत शिरला की त्याच्यापासून काही घातक रेणू तयार होतात. आपल्या पेशींकडे हे रेणू निकामी करणारी विकरं भरपूर असतात. कट्टर विनॉक्सी जीवाणूंकडे ती नसतात किंवा अपुरी असतात.

मग या जुन्या रहिवाशांनी काय केलं? जिथे हवा पोहोचत नाही अशा जागा धरल्या. तळ्याच्या तळाचा गाळ, दलदल, गाईम्हशींचं पोट आणि आपलं आतडं. गावाकडे गोबरगॅसची टाकी पाहिली असेल, तर हे लगेच उमगेल. शेण आणि पाणी कालवून टाकी बंद केली की आत हवा उरत नाही. मग विनॉक्सी जीवाणू कामाला लागतात आणि चूल पेटवता येईल असा वायू तयार होतो. टाकीत हवा शिरत राहिली तर काम बिघडतं. आघारकर संस्थेत गोबरगॅस तयार करणाऱ्या जीवाणूंवर अनेक वर्षं काम झालं आहे. त्याच कौशल्याचा उपयोग पुढे माणसाच्या पोटातले जीवाणू शोधायलाही झाला.

हवेशिवाय जीव जगू शकतो, ही कल्पना शास्त्रज्ञांच्याही सहजी पचनी पडली नाही. हॉलंडमधल्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने १६८० साली मिरपुडीचं पाणी काचेच्या नळीत घालून नळीचं तोंड बंद केलं होतं. काही दिवसांनी उघडून पाहिलं तर आत सूक्ष्म जीव वळवळत होते. हे कसं झालं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. पुढे १८६१ साली लुई पाश्चर सूक्ष्मदर्शकातून एक थेंब पाहत होते. थेंबाच्या मधले जीवाणू जोरात हालचाल करत होते आणि कडेचे, जिथे हवा लागत होती तिथले, निपचित पडले होते. हवा त्यांना मारत होती. हवेविना जगणाऱ्या जीवांसाठी वेगळा शब्द रूढ केला तो पाश्चर यांनीच.

शरीरात यांचं घर कुठे?

आपण तर श्वासागणिक ऑक्सिजन आत घेतो. मग आपल्या शरीरात बिनहवेची जागा कुठून आली? त्याचं उत्तर शेजाऱ्यांमध्ये आहे. तोंडात आणि आतड्यात ऑक्सिजन वापरणारे इतर जीवाणूही राहतात. ते आजूबाजूचा ऑक्सिजन संपवून टाकतात आणि विनॉक्सी मंडळींची सोय होते. दात आणि हिरडी यांच्यामधली बारीक खाच, जिभेच्या पाठीमागचे खळगे, टॉन्सिलच्या फटी, त्वचेवरच्या केसांची मुळं आणि स्त्रियांचा योनिमार्ग ही त्यांची घरं. पण खरी मोठी वस्ती मोठ्या आतड्यात. तिथे ऑक्सिजन न सोसणारे जीवाणू इतर जीवाणूंच्या शंभर ते हजार पटीने जास्त असतात.

एकूण संख्या किती? आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत त्याच्या दहापट जीवाणू असतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०१६ साली इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी हिशोब नव्याने मांडला. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी असतात, असं उत्तर निघालं. म्हणजे जवळपास बरोबरी. या सगळ्या जीवाणूंचं मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास, एका मोठ्या पेरूएवढं.

एवढी मंडळी फुकट राहत नाहीत. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, पेरू यांतला बराच चोथा आपल्याला पचवता येत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचला की हे जीवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच ब्युटिरेटमधून घेतात. शिवाय काही जीवाणू के जीवनसत्त्व तयार करतात, आपल्या रोगप्रतिकारशक्तीला वळण लावतात आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा देत नाहीत.

जागा बदलली की स्वभाव बदलतो

बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा आपल्या मोठ्या आतड्यातला एक जुना रहिवासी. तिथल्या जीवाणूंमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. आतड्याच्या आत असेपर्यंत त्याचा काही उपद्रव नाही, उलट तो आतड्याची सूज शमवायला मदत करतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण अपेंडिक्स फुटलं, आतड्याला भोक पडलं, पोटाला खोल जखम झाली, की तो आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत येतो. आता त्याच्याभोवतीचं साखरेच्या रेणूंचं जाड कवच कामाला येतं. शरीराच्या सैनिक पेशींना तो दाद देत नाही आणि पोटात पू धरतो, गळू होतं. पोटातल्या अशा संसर्गांमध्ये सर्वांत जास्त वेळा सापडणारा विनॉक्सी जीवाणू हाच.

तो एकटा येत नाही. आतड्यातला ई. कोलाय हा ऑक्सिजन वापरू शकणारा जीवाणू त्याच्याबरोबर बाहेर पडतो. तो आधी आजूबाजूचा ऑक्सिजन संपवतो आणि मागाहून येणाऱ्यांना रान मोकळं होतं. म्हणून असा संसर्ग बहुतेक वेळा चार-पाच प्रकारच्या जीवाणूंचा मिळून असतो आणि उपचारही सगळ्यांचा एकदम करावा लागतो. अपेंडिक्सच्या पुवात असे जीवाणू असतात, हे पॅरिसमधल्या वेयाँ आणि झ्युबेर या दोघांनी १८९८ साली दाखवून दिलं होतं.

अशा संसर्गाला वैद्यकात संधिसाधू संसर्ग म्हणतात. त्यासाठी तीन प्रकारच्या संधी लागतात. पहिली, भिंत फुटणं: जखम, शस्त्रक्रिया, फुटलेलं अपेंडिक्स, किडलेला दात. दुसरी, रक्तपुरवठा कमी होणं: रक्त नाही तिथे ऑक्सिजन नाही, आणि तीच तर यांची आवडती जागा. तिसरी, शरीराची राखण ढिली पडणं: मधुमेह, कर्करोगावरचे उपचार, उतारवय.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायात या तिन्ही संधी एकत्र येतात. साखरेमुळे पायाची संवेदना बोथट होते, काटा टोचला तरी कळत नाही. रक्तपुरवठाही मंदावलेला असतो. वरून छोटी दिसणारी जखम आत खोलवर पसरते आणि बोट किंवा पाय काढण्याची वेळ येते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी पाहावेत किंवा आरसा धरावा. वारीत, देवळाच्या तापलेल्या फरशीवर किंवा अंगणातसुद्धा अनवाणी चालू नये. श्रद्धा पायात चप्पल असली तरी कमी होत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित दार: हिरड्या

ब्रश करताना रक्त आलं तर आपण काय करतो? चूळ भरतो आणि कामाला लागतो. हिरड्यांतून रक्त येणं म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत जीवाणूंचा थर साचून सूज आल्याची खूण असते. थर तसाच राहिला तर त्याचं कडक कीटण होतं, खाच खोल होत जाते आणि हवा न पोहोचणाऱ्या त्या खोलगटात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे विनॉक्सी जीवाणू वाढतात. हळूहळू दाताभोवतीचं हाड झिजतं. दात दुखत नाही, फक्त हलायला लागतो. तोंडाचा वास येतो, तोही बराचसा याच मंडळींनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूंचा.

महाराष्ट्रात या दुखण्यात मिश्रीची भर पडते. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड रोज हिरड्यांना चोळली की हिरड्या मागे सरकतात आणि दातांची मुळं उघडी पडतात. दातदुखीवर औषध म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे सवय होऊन बसते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं आणखी वेगळं. तंबाखूच्या धुरामुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आत रोग वाढत असूनही बाहेरून सगळं ठीक वाटतं.

किडक्या दाताचा किंवा अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेचा पू जबड्याखाली उतरला तर मानेत सूज पसरते, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडू शकतो. याला लुडविग अँजायना म्हणतात. १८३६ साली लुडविग या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं होतं. प्रतिजैविकं आणि तातडीची शस्त्रक्रिया यामुळे आज रुग्ण वाचतात, पण वेळेत पोहोचले तरच. दाढ दुखतेय म्हणून गालाला लवंग लावून आठवडा काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गाल सुजून तोंड उघडेनासं झालं किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर तो दवाखान्यात जाण्याचा तास असतो. तिथे 'उद्या बघू' चालत नाही.

वृद्धांच्या बाबतीत धोका वेगळ्या वाटेने येतो. पक्षाघात झालेल्या, गिळायला त्रास होणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लाळ नकळत श्वासनळीत उतरते. त्या लाळेबरोबर तोंडातले जीवाणू फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया किंवा फुप्फुसात गळू होऊ शकतं. म्हणून अंथरुणावरच्या आजोबांचे दात रोज घासणं, कवळी रात्री काढून धुणं आणि भरवताना त्यांना उठवून बसवणं, ही फुप्फुसांचीही काळजी आहे.

वाहणारा कानही असाच. मुलांचा कान महिनोन् महिने वाहत असतो आणि घरी कोमट तेल घालणं चालू असतं. कानाच्या पडद्याला भोक असताना तेल आत जाऊ देऊ नये. जुन्या कानाच्या संसर्गातून मेंदूत गळू होऊ शकतं आणि त्यात विनॉक्सी जीवाणू बऱ्याचदा सापडतात. वाहणारा, वास येणारा कान कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायलाच हवा.

शेजाऱ्यांचा पहारा

बाळ जन्मलं की त्याच्या जिभेवर मध चाटवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. हेतू चांगला असतो, पण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांनी असा मध खाल्ला तरी काही होत नाही, कारण मोठ्यांच्या आतड्यात इतके जीवाणू आधीच राहत असतात की या नव्या पाहुण्याला जागाच मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र वस्ती नुकती बसत असते. रिकाम्या जागेत ती बीजं रुजतात आणि विष तयार करतात. बाळाचं शौच बंद होतं, रडणं क्षीण होतं, मान आणि हातपाय लुळे पडतात. बाळांमधला हा आजार १९७६ साली अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हा नियम त्यातूनच आला. घुटीत घालूनसुद्धा नाही आणि बोटावर थेंबभरसुद्धा नाही.

शेजारी नसले की काय होतं, हे मोठ्यांनाही अनुभवायला मिळतं, ते प्रतिजैविकांच्या कृपेने. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा एक जीवाणू १९३५ साली निरोगी नवजात बाळांच्या शौचात सापडला होता. वाढवायला फार अवघड म्हणून त्याच्या नावात 'डिफिसिल' आलं. कित्येक वर्षं तो निरुपद्रवी मानला गेला. १९७८ साली उलगडा झाला, की प्रतिजैविकं घेतल्यानंतर काही रुग्णांना होणाऱ्या गंभीर जुलाबांमागे तोच आहे. औषधाने आतड्यातले बाकीचे रहिवासी मरतात आणि हा मोकळ्या जागेत फोफावतो.

यावरचा एक उपाय ऐकून नाक मुरडावंसं वाटेल. निरोगी माणसाच्या शौचातले जीवाणू, नीट तपासणी करून, रुग्णाच्या आतड्यात सोडायचे! २०१३ साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, पुन्हा पुन्हा हा आजार होणाऱ्या रुग्णांना नेहमीच्या प्रतिजैविकापेक्षा या उपायाने कितीतरी जास्त गुण आला. हा उपचार रुग्णालयातच करायचा असतो. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. निरोगी आतड्यातली वस्ती हे स्वतःच एक औषध आहे. पुण्यातल्या संशोधकांनी निरोगी माणसांचे नमुने तपासून त्यातल्या एकेका रहिवाशाची नोंद ठेवली, तिचं मोल इथे कळतं.

रिपोर्टमध्ये काही आलं नाही, तरी...

जखमेतल्या पुवाचा नमुना तपासायला दिला आणि रिपोर्ट आला की त्यात कुठलाही जीवाणू वाढला नाही. घरच्यांना हायसं वाटतं. पण समोर तर पू दिसतोय! अशा वेळी डॉक्टरांच्या मनात विनॉक्सी जीवाणूंचा विचार येतो.

हे जीवाणू नमुना घेतानाच दगावू शकतात. कापसाच्या काडीवर घेतलेला, उघड्या हवेत तासभर राहिलेला नमुना त्यांच्यासाठी मरणच. म्हणून गळवातला पू सुईने ओढून, हवा न लागू देता, लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. तिथेही त्यांना नायट्रोजनसारख्या वायूंनी भरलेल्या बंद डब्यात किंवा रबरी बुचाच्या नळीत वाढवतात. नळीत एक रंगद्रव्य घातलेलं असतं. ऑक्सिजन नसेल तर ते रंगहीन राहतं आणि जरा हवा शिरली की गुलाबी होतं. ही सोय सगळ्याच प्रयोगशाळांत नसते. त्यामुळे अनुभवी डॉक्टर रिपोर्टइतकीच आपल्या नाकावरही भिस्त ठेवतात. पुवाला घाण, कुजका वास येत असेल, तर विनॉक्सी जीवाणू तिथे आहेत असं समजून उपचार सुरू होतात. वास नसला म्हणून ते नाहीतच, असं मात्र नाही.

एक गोळी आणि तिची गैरसमजुतीची कथा

या जीवाणूंवरचं सगळ्यात ओळखीचं औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल. ते वापरात आलं १९५९ च्या सुमारास, योनिमार्गाच्या ट्रायकोमोनास या एका परजीवीवर. विनॉक्सी जीवाणूंवर ते चालतं, हे योगायोगानेच कळलं. इंग्लंडमधल्या एका स्त्रीला त्या आजारासाठी ही गोळी चालू होती, आणि तिच्या सुजलेल्या, दुखऱ्या हिरड्याही त्याच आठवड्यात बऱ्या झाल्या. शिन या दंतवैद्यांनी १९६२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याची नोंद केली.

या गोळीची करामत अशी, की तिच्यातला रेणू आपल्या ऑक्सिजनने भरलेल्या पेशींत बहुतांशी शांत राहतो. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूच्या आत गेला की त्याचं रूप बदलतं आणि तो त्या जीवाणूच्या डीएनएवर घाव घालतो. हवा न सोसणं हीच जीवाणूची खासियत, आणि तिथेच औषधाचा नेम बसतो.

पण आपल्याकडे या गोळीचं काय झालंय? लखनौ असो की लातूर, पोट बिघडलं की औषधाच्या दुकानात जाऊन जुलाबाची गोळी मागायची, आणि मिळते ती बऱ्याचदा मेट्रोनिडाझोल किंवा त्याच घराण्यातलं औषध दुसऱ्या प्रतिजैविकाबरोबर घातलेली जोडगोळी. साधे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. त्यांवर ही गोळी काही करत नाही. मरतात ते आतड्यातले कामाचे रहिवासी. शिवाय औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढतात. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे बॅक्टेरॉइड्स जगात ठिकठिकाणी सापडले आहेत. उद्या खरोखर अपेंडिक्स फुटलं, तर तेव्हा हीच गोळी कामी यायला हवी आहे.

जुलाबात पहिला उपाय म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, म्हणजेच ओआरएस. लहान मुलांना सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. शौचात रक्त असेल, ताप असेल, बाळ मलूल झालं असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर दुकानदाराला न विचारता डॉक्टरांना दाखवायचं.

स्त्रियांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जीवाणू पहारा देत असतात. ते आम्ल तयार करतात आणि विनॉक्सी जीवाणूंना आटोक्यात ठेवतात. स्वच्छतेच्या नावाखाली आतून साबण, डेटॉल किंवा सुगंधी द्रावणांनी धुतलं की हा पहारा मोडतो. मग पांढऱ्या-करड्या रंगाचा, माशासारख्या वासाचा स्राव सुरू होतो. आतून धुण्याची गरज नसते, बाहेरून साधं पाणी पुरतं. असा स्राव असेल तर लाजून मैत्रिणीची उरलेली गोळी घेण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटावं, गरोदरपणात तर नक्कीच.

फ्रिजवर लावून ठेवावं असं

• रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. ब्रश करताना रक्त येत असेल तर दंतवैद्याकडून कीटण काढून घ्या.
• मिश्री आणि तंबाखू सोडा. दातदुखीवर मिश्री हे औषध नाही.
• मधुमेह असेल तर रोज तळपाय पाहा. जखम छोटी असली तरी दाखवा.
• वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको.
• पोटात बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, सोबत उलटी आणि ताप असेल तर वेदनाशामक घेऊन घरी थांबू नका.
• जखमेला घाण वास, त्वचेखाली कुरकुर, झपाट्याने वाढणारी सूज किंवा काळी पडणारी त्वचा दिसली तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.
• डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक सांगितलं तितकंच घ्या. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी किंवा शेजाऱ्यांसाठी ठेवू नका.
• ताटात भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी आणि फळ असू द्या. ते खाणं तुमचंही आहे आणि आतल्या वस्तीचंही.

आपण जंतू म्हटलं की मारायला धावतो. फरशी पुसायच्या द्रावणापासून हात धुवायच्या साबणापर्यंत प्रत्येक जाहिरात आपल्याला हेच शिकवते. आतड्यातल्या या जुन्या बिऱ्हाडकरूंच्या बाबतीत मात्र हिशोब वेगळा मांडावा लागतो. त्यांना घरातून हाकलायचं नाही आणि घराच्या भिंतीही फुटू द्यायच्या नाहीत. भिंत फुटल्याची खूण दिसली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांचं दार ठोठवायचं. आणि आज रात्री, हा लेख वाचून झाल्यावर, घरातल्या मधुमेह असलेल्या माणसाचे तळपाय एकदा उजेडात पाहून घ्यायचे.